तरतूद आहे, पैसे नाहीत : सरकारी निधीकपातीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दवाखान्याच्या खिडकीवर, शाळेच्या ऑफिसात, पंचायत समितीच्या व्हरांड्यात एकच वाक्य ऐकू येतं : "वरून निधी आला नाही." मी जिल्हा परिषदेच्या वित्त विभागात देयकं तपासण्यात नोकरीची वर्षं घालवली. निवृत्तीनंतर गावोगावच्या बैठकांना जातो. तिथे लोक जे विचारतात आणि मी जे सांगतो, ते इथे एकत्र केलं आहे. उदाहरणं महाराष्ट्राचीच आहेत, कारण हाच कारभार मी आतून पाहिला आहे.

अर्थसंकल्पात आमच्या योजनेला पैसे ठेवले होते. मग आता 'निधी नाही' असं कसं सांगतात?

हा प्रश्न नीट समजला की बाकीचे निम्मे प्रश्न सुटतात. तीन आकडे वेगळे असतात : तरतूद, वितरण आणि खर्च. मार्चमध्ये विधिमंडळात मंजूर होते ती तरतूद. ती म्हणजे खर्च करायची परवानगी. रोख पैसे त्यातून लगेच हाती येत नाहीत. पुढे वित्त विभाग 'बीम्स' या संगणक प्रणालीवर त्या तरतुदीतला ठरावीक हिस्सा खुला करतो. तो मंत्रालयातल्या विभागाकडून संचालनालयाकडे, तिथून जिल्ह्याकडे आणि शेवटी आहरण व संवितरण अधिकाऱ्याकडे, म्हणजे कार्यालयाची देयकं काढणाऱ्या अधिकाऱ्याकडे, येतो. हे झालं वितरण. त्यानंतर देयक कोषागारात जातं आणि पास होतं, तेव्हा तो खर्च.

वर्षाला १०० रुपये तरतूद असेल आणि डिसेंबरपर्यंत ४० रुपयेच खुले झाले असतील, तर तुमच्या तालुक्यातला अधिकारी "निधी नाही" म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. आणि विधिमंडळात मंत्री "१०० रुपयांची तरतूद केली आहे" म्हणतात, तेही खरंच असतं. कपात या दोन खऱ्या वाक्यांच्या मधल्या जागेत असते. म्हणून कोणी नुसता तरतुदीचा आकडा सांगितला, तर पुढचा प्रश्न लगेच विचारा : त्यातले वितरित किती झाले?

कपात करायची असेल तर सरकार तसं जाहीर का करत नाही?

कधी कधी करतं. ४ मे २०२० चा वित्त विभागाचा शासन निर्णय माझ्या पिढीतला कुठलाही लेखा कर्मचारी विसरणार नाही. करोनाच्या टाळेबंदीत महसूल आटला होता. त्या निर्णयानं विभागांना त्या वर्षीच्या विकासकामांच्या तरतुदीतले ३३ टक्केच मिळतील असं सांगितलं. नवी कामं हाती घेऊ नयेत आणि नवी पदभरती करू नये, असंही त्यात होतं. सार्वजनिक आरोग्य, वैद्यकीय शिक्षण, अन्न व नागरी पुरवठा, मदत व पुनर्वसन यांसारख्या विभागांना प्राधान्य दिलं होतं. निर्णय कडक होता, पण लेखी होता, सगळ्यांसमोर होता. लोकांना वाद घालायचा तर कागद हातात होता.

एरवी मात्र असा कागद निघत नाही. निधी थोडा उशिरा सोडला जातो. हप्ता एकाचा अर्धा होतो. रिक्त जागेची जाहिरात पुढच्या वर्षावर जाते. फेब्रुवारीत खरेदीवर निर्बंध घालणारं परिपत्रक येतं. यातलं काहीच 'कपात' या नावानं नोंदलं जात नाही, आणि माझा आक्षेप नेमका इथेच आहे. पैसे कमी असणं मी समजू शकतो. पण कुणाचे पैसे कमी केले हे लोकांना कळू न देणं मला मान्य नाही.

राज्याकडे खरोखरच पैसे कमी आहेत का? कर्ज किती आहे?

अजित पवार यांनी १० मार्च २०२५ रोजी मांडलेल्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पाचं आकारमान ७ लाख २० कोटी रुपये होतं. महसुली जमा अंदाजे ५ लाख ६० हजार ९६४ कोटी, महसुली खर्च ६ लाख ६ हजार ८५५ कोटी. म्हणजे ४५ हजार ८९१ कोटींची महसुली तूट. राज्यावरचं कर्ज वर्षअखेर ९ लाख ३२ हजार कोटींच्या वर जाईल असा अंदाज होता.

कर्जाचा आकडा ऐकून लोक घाबरतात. त्यात एवढं घाबरण्यासारखं नाही. राज्यात वर्षभरात होणाऱ्या एकूण उत्पादनाच्या (सरकारच्या जमेच्या नव्हे) तुलनेत हे कर्ज त्या अंदाजात एकोणीस टक्क्यांच्या आत होतं आणि राजकोषीय तूट, म्हणजे वर्षात नव्यानं काढावी लागणारी उधारी, तीही तीन टक्क्यांच्या मर्यादेत धरलेली होती. मला चिंता वाटते ती महसुली तुटीची. घर बांधायला कर्ज काढणं वेगळं आणि किराणा भरायला काढणं वेगळं. महसुली तूट म्हणजे किराण्यासाठी काढलेली उचल.

शिवाय पगार, निवृत्तिवेतन आणि व्याज या तीन गोष्टींतच महसुली जमेचा निम्म्याहून अधिक भाग जातो. यातलं काहीच थांबवता येत नाही. त्यामुळे हात आखडायचा ठरला की औषधं, दुरुस्त्या, शिष्यवृत्त्या, आहार, अनुदानं याच गोष्टींवर कात्री चालते. म्हणजे सामान्य माणसाचा सरकारशी रोजचा संबंध जिथे येतो, नेमकं तिथेच.

हे सगळं 'लाडकी बहीण'मुळे झालं का?

सगळं नाही. पण मोठा वाटा आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. जून २०२४ च्या अर्थसंकल्पात जाहीर झालेल्या या योजनेला वर्षाला ४६ हजार कोटी लागतील असं तेव्हा सांगण्यात आलं. २०२५-२६ साठी ३६ हजार कोटींची तरतूद झाली. महिन्याला ३ हजार कोटी एका तारखेला लागणार असतील, तर इतर देयकं मागे सरकतात, हे कुठल्याही कोषागारातला माणूस सांगेल.

तरीही या प्रश्नात बायकांना दोष देण्याचा जो सूर असतो, तो मला पटत नाही. १५०० रुपयांत गॅस भरणारी, पोरीच्या क्लासची फी देणारी बाई मी रोज पाहतो. तो पैसा तिच्या उपयोगी पडतो. विचारायचं आहे ते निर्णय घेणाऱ्यांना : उत्पन्नाची सोय आधी केली होती का? मद्यावरचं उत्पादन शुल्क वाढवून वर्षाला १४ हजार कोटी जादा मिळवायचं ठरलं ते जून २०२५ मध्ये, म्हणजे योजना सुरू होऊन वर्ष होत आल्यावर. अर्जांची काटेकोर छाननीसुद्धा नंतरच झाली. २६ लाखांहून अधिक खात्यांचा लाभ २०२५ मध्ये थांबवला गेला. निवडणुकीआधी वाटप आणि नंतर तपासणी, असा क्रम लागला की मधल्या काळातली तूट शाळा आणि दवाखाने भरून काढतात.

सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास विभागाचे पैसे वळवले, हे खरं आहे का?

हो. २०२५ च्या मे महिन्यात 'लाडकी बहीण'च्या हप्त्यासाठी सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी ३० लाख आणि आदिवासी विकास विभागाचे ३३५ कोटी ७० लाख रुपये देण्यात आले. दोन्ही मिळून ७४६ कोटी. सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाट यांनी स्वतःच त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली होती. सरकारची बाजू अशी की, हे पैसे अनुसूचित जाती-जमातींच्या लाभार्थी महिलांनाच गेले, म्हणजे ते त्याच समाजाला मिळाले.

मला हा युक्तिवाद अपुरा वाटतो. अनुसूचित जाती-जमातींसाठी अर्थसंकल्पात वेगळा ठेवलेला निधी (याला घटक कार्यक्रम म्हणतात) मागे राहिलेल्या समाजांसाठी जास्तीचं काहीतरी व्हावं म्हणून असतो : वसतिगृह, आश्रमशाळा, शिष्यवृत्ती. जी रक्कम सगळ्याच पात्र महिलांना मिळते, ती या बायकांनाही सर्वसाधारण निधीतून मिळायला हवी. कर्नाटक, आंध्र आणि तेलंगणात या निधीसाठी स्वतंत्र कायदा आहे. महाराष्ट्रात तशा कायद्याची मागणी संघटना करत आल्या आहेत. वसतिगृहाचा भत्ता रखडलेल्या मुलाला खोलीचं भाडं भागवायला त्या महिन्यात कुणाकडे हात पसरावे लागतात, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना ही मागणी समजावून सांगावी लागत नाही.

छोट्या कपातींनी एवढा काय फरक पडतो?

अंड्याचं उदाहरण घ्या. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्यानं शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं ठरवलं, आणि अंडं न खाणाऱ्यांना केळं. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा राज्याचा निधी बंद झाला. अंडी द्यायची असतील किंवा गोड पदार्थासाठी साखर लागणार असेल, तर शाळांनी लोकसहभागातून सोय करावी, असं सांगण्यात आलं. यातून वर्षाला सुमारे ५० कोटी वाचणार असल्याचं तेव्हा वर्तमानपत्रांत आलं. ७ लाख कोटींच्या अर्थसंकल्पात ५० कोटी म्हणजे शंभर रुपयांत पाऊण पैसासुद्धा नाही.

एका वाडीवरच्या दोनशिक्षकी शाळेत मी त्या काळात जात असे. अंड्याच्या दिवशी हजेरी हमखास भरलेली. स्वयंपाक करणाऱ्या ताई सकाळी पटावरची हजेरी विचारून घ्यायच्या, तेवढीच अंडी उकडायच्या, आणि सोललेली टरफलं एका घमेल्यात वेगळी ठेवायच्या. मुख्याध्यापकांनी आकडा पडताळून वहीत लिहिला की मगच ते घमेलं परसबागेत रिकामं व्हायचं. त्या वहीत आखलेला रकाना होता : 'अंडी / केळी'. पुढच्या वर्षी गेलो तेव्हा वही तीच होती, रकानाही होता. फेब्रुवारीपासून त्यात आडव्या रेघा होत्या.

लोकसहभाग म्हणाल, तर जिथे बागायत आहे, दूध डेअरी आहे, मुंबई-पुण्यात नोकरी करणारी मंडळी आहेत, त्या गावात वर्गणी जमते. या वाडीत निम्मी घरं ऊसतोडीला जाणारी. ज्यांची पोरं अंड्यावाचून आहेत त्यांच्याचकडे अंड्याची वर्गणी मागायची, हे मुख्याध्यापकांच्या जिवावर आलं होतं.

सरकारी दवाखान्यात औषधं बाहेरून आणायला सांगतात. हे कपातीमुळे का?

काही वेळा निधीमुळे, काही वेळा खरेदीच्या यंत्रणेमुळे, आणि बहुतेक वेळा दोन्ही एकत्र. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरसह उपचार मोफत झाले. निर्णय चांगला. पण गर्दी वाढते तेव्हा औषधांचा पुरवठाही त्याच प्रमाणात वाढावा लागतो. खरेदी आधी हाफकिन या सरकारी महामंडळामार्फत व्हायची, नंतर त्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण आलं. पुरवठादारांची बिलं थकली की ते पुढच्या निविदेला येत नाहीत किंवा माल उशिरा पाठवतात, आणि फार्मसीच्या खिडकीवर चिठ्ठी लिहिली जाते.

ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात ४८ तासांत ३१ रुग्ण दगावले, त्यात नवजात बाळं होती. औषधटंचाईचा आरोप झाला, रुग्णालयानं तो नाकारला, आणि मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. मृत्यूचं एकच कारण सांगता येणार नाही, पण आरोग्यावरचा खर्च, रिक्त पदं आणि औषधखरेदी हे विषय त्या आठवड्यात पहिल्या पानावर आले. त्यासाठी एवढे जीव जावे लागले.

चिठ्ठी मिळाली तर ती जपून ठेवा. त्यावर तारीख आणि दवाखान्याचा शिक्का मागा. औषध साठ्यात नव्हतं याचा तुमच्याकडे तेवढाच पुरावा असतो. रुग्ण कल्याण समितीकडे स्थानिक खरेदीसाठी थोडा निधी असतो. त्यातून हे औषध का घेतलं नाही, हे लेखी विचारता येतं.

शाळेत शिक्षक कमी, कार्यालयात कर्मचारी कमी. यालाही निधीकपात म्हणायचं का?

म्हणायलाच हवं. रिकामं पद म्हणजे दर महिन्याला वाचलेला पगार. २ मे २०१२ च्या निर्णयानं राज्यात शिक्षकभरतीवर बंदी आली आणि पुढची कितीतरी वर्षं डीएड झालेली मुलं शेतात, दुकानात, खासगी क्लासमध्ये अडकून राहिली. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांची संख्या राज्यात चौदा हजारांच्या पुढे आहे. त्यांच्यासाठी समूह शाळेचा, म्हणजे जवळच्या लहान शाळा एकत्र करण्याचा, प्रस्ताव आला आणि मार्च २०२४ मध्ये संचमान्यतेचे, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर करायचे याचे, निकष बदलले. कागदावर हे पटसंख्येचं गणित असतं. डोंगरातल्या सात-आठ वर्षांच्या मुलीसाठी ते ओढा ओलांडून दोन-तीन किलोमीटर चालणं असतं. पावसाळ्यात आईबाप तिला पाठवत नाहीत. म्हणजे पट आणखी घटतो.

सप्टेंबर २०२३ मध्ये बाह्ययंत्रणेमार्फत कंत्राटी भरतीसाठी नऊ संस्था नेमणारा शासन निर्णय निघाला होता. राज्यभर विरोध झाला आणि ऑक्टोबरमध्ये तो रद्द करावा लागला. लोक बोलले तर निर्णय फिरतात, हे मी बैठकांत या उदाहरणावरून सांगतो.

एसटीला सरकार पैसे देतं, तरी तिकीट का वाढलं?

ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्यांना मोफत आणि मार्च २०२३ पासून महिलांना अर्ध्या तिकिटात प्रवास मिळतो. सवलतीची रक्कम सरकारनं महामंडळाला भरून द्यायची असते. ती वेळेवर आणि पूर्ण आली नाही, तर डिझेल, सुटे भाग आणि पगार यांची ओढाताण होते. एप्रिल २०२५ मध्ये एसटी कर्मचाऱ्यांच्या हातात मार्चचा पगार ५६ टक्केच पडला. त्याआधी जानेवारीत भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं होतं. सवलत जाहीर एक जण करतो. तिची किंमत ड्रायव्हर-कंडक्टर आणि पूर्ण तिकीट काढणारा प्रवासी मोजत राहतो.

गावातली पाण्याची योजना अर्धवट आहे. ठेकेदार म्हणतो बिल निघालं नाही. खरं असेल का?

असू शकतं. जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर पाणी नळानं द्यायचं आहे आणि खर्च केंद्र व राज्य निम्मा-निम्मा उचलतात. एकाचा हप्ता थांबला की काम थांबतं. मिशनची मुदत २०२८ पर्यंत वाढली, पण टाकी बांधून झालेली, पाइप पुरलेले आणि पंप बसायचा राहिलेला, अशी गावं माझ्याच तालुक्यात आहेत. टाकीवर गावाचं नाव रंगवलेलं आहे आणि तिच्याच सावलीतून बायका हंडे घेऊन विहिरीला जातात.

सगळ्या खात्यांची मिळून ८९ हजार कोटींची देयकं थकल्याचा दावा ठेकेदारांच्या संघटनांनी २०२५ मध्ये केला. त्याच वर्षी जुलैत सांगली जिल्ह्यातल्या एका तरुण ठेकेदारानं आत्महत्या केली. ठेकेदार म्हटला की आपल्याकडे संशयानं बघायची सवय आहे. पण लहान ठेकेदार गावचाच असतो. त्यानं सोनं गहाण ठेवून सिमेंट उचललेलं असतं आणि मजुरांची हजेरीही त्याच्याच अंगावर असते. कामात खोट असेल तर मोजमाप पुस्तिका मागवा. खोट नसेल तर त्याच्या बिलासाठी गावानं त्याच्या बाजूनं उभं राहावं, कारण पाणी गावाचं आहे.

एक रुपयातला पीकविमा गेला का?

गेला. २०२३ च्या खरिपापासून सुरू झालेली ती सोय २०२५ च्या खरिपात बंद झाली. आता खरिपाला विमा रकमेच्या २ टक्के, रब्बीला दीड टक्का आणि नगदी पिकांना ५ टक्क्यांपर्यंत हप्ता शेतकऱ्याला भरावा लागतो. हेक्टरी ५० हजारांचं संरक्षण असेल तर खरिपात हजार रुपये. बोगस अर्ज झाले होते हे खरं आहे. ते करणाऱ्यांना धरायचं सोडून सगळ्यांचीच सवलत काढली, ही तक्रारही तितकीच खरी आहे.

वर्षभर पैसे नसतात, मग मार्चमध्ये एकदम खर्च कसा होतो?

निधी फेब्रुवारी-मार्चमध्ये सुटतो आणि ३१ मार्चला तरतूद व्यपगत होते, म्हणजे न वापरलेली रक्कम हातची जाते, म्हणून. जिल्हा परिषदेला काही निधी पुढच्या वर्षात वापरता येतो. शासकीय कार्यालयांना ती मुभा नसते. मार्चअखेरीला कोषागारासमोर रात्री अकरापर्यंत मी उभा राहिलो आहे. हातात देयकांचा गठ्ठा, आत सर्व्हर मंद, आणि घड्याळाकडे डोळे. त्या घाईत जूनमध्ये लागणारी पुस्तकं मार्चमध्ये येतात, पावसाआधी व्हायची दुरुस्ती उन्हाळ्यात निविदेत अडकते. उशिरा आलेला पैसा निम्मा वाया जातो, आणि हेही कपातीच्या हिशोबात धरलं पाहिजे.

पुरवणी मागण्या म्हणजे काय?

मूळ अर्थसंकल्पात न धरलेल्या किंवा कमी धरलेल्या खर्चासाठी अधिवेशनात पुन्हा घेतलेली मंजुरी. संविधानाच्या कलम २०५ मध्ये त्याची सोय आहे. जुलै २०२४ मध्ये त्या ९४ हजार ८८९ कोटींच्या होत्या, २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात ५७ हजार ५०९ कोटींच्या. त्या एवढ्या मोठ्या होतात तेव्हा मार्चमधल्या अंदाजाला फारसा अर्थ उरत नाही.

आमच्या गावाच्या वाट्याचं किती आलं, हे मला कसं कळेल?

'बीम्स'च्या संकेतस्थळावर विभागवार तरतूद, वितरण आणि खर्च पाहता येतो. एखाद्या दवाखान्यापुरती किंवा शाळेपुरती माहिती हवी असेल तर माहितीचा अधिकार वापरा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज करता येतो. दारिद्र्यरेषेखालच्यांना शुल्क नाही. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा. उत्तर तीस दिवसांत यायला हवं, नाही आलं तर प्रथम अपील.

"निधी का आला नाही?" असं लिहू नका. 'का'ला उत्तर द्यायला जन माहिती अधिकारी बांधील नसतो. असं लिहा : "प्राथमिक आरोग्य केंद्र, अमुक गाव, आर्थिक वर्ष अमुक. औषधखरेदीसाठी मंजूर तरतूद, प्राप्त निधी तारखेसह, झालेला खर्च व शिल्लक यांच्या नोंदींच्या प्रती मिळाव्यात." तारखा जरूर मागा. निधी २८ मार्चला आला असं दिसलं की पुढचं बोलणं सोपं होतं.

डॉक्टर, शिक्षक, ग्रामसेवक यांच्याशी भांडून उपयोग होतो का?

कामचुकार असेल तर जरूर जाब विचारा. पण मी अशा मुख्याध्यापकांना ओळखतो ज्यांनी शाळेचं वीजबिल स्वतःच्या पगारातून भरलं, आणि अशा आशाताई ओळखतो ज्यांनी मानधन महिनोन्महिने रखडलेलं असताना रात्री बाळंतिणीला गाडीत घालून दवाखान्यात नेलं. त्यांना आधी विचारा, "तुम्ही वर मागणी केली होती का? पत्राची प्रत आहे का?" बहुतेकांच्या फाइलीत ती असते, आणि कुणी विचारलं म्हणून त्यांना बरं वाटतं. ती प्रत घेऊन आमदारांकडे जा. आमदार त्यावर विधिमंडळात तारांकित प्रश्न किंवा लक्षवेधी देऊ शकतात. नुसत्या तोंडी तक्रारीवर त्यांना फारसं काही करता येत नाही.

ग्रामसभेत हा विषय घेता येतो का?

येतो. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या ग्रामसभांना लोक येतातच. आठवडाभर आधी ग्रामसेवकांकडे (आता पदाचं नाव 'ग्रामपंचायत अधिकारी') लेखी विषय द्या म्हणजे तो विषयपत्रिकेवर येईल. शाळा, अंगणवाडी, उपकेंद्र, पाणीयोजना यांचा प्रत्येकी मागणी, प्राप्त रक्कम आणि तारीख एवढा तक्ता फळ्यावर लिहायला सांगा. ठराव झाला की त्याची प्रत गटविकास अधिकारी आणि जिल्हाधिकारी यांना स्पीड पोस्टानं पाठवा आणि पोचपावती ठरावाच्या वहीत चिकटवून ठेवा.